मच्छिंद्ररावांचा टाकीचा भोंगा

मच्छिंद्ररावांना काहीही शिकायचं झालं की आधी सामान लागायचं. मंठ्यात कारकुनी करून रिटायर झालेल्या या गृहस्थांनी एकदा बाजाची पेटी घेतली, ती आठवडाभरात माळ्यावर गेली. मग मधमाशांच्या पेट्या आणल्या, त्यांत मुंग्यांनी बिऱ्हाड केलं. त्यामुळे यंदा इलेक्ट्रॉनिक्सचं सामान म्हणून कुरिअरवाल्याने डाख लावायची सोल्डरिंग गन, मीटर आणि भिंगाचा चष्मा आणून टाकला, तेव्हा त्यांच्या बायकोने, वंदनाबाईंनी, नुसतं नाक मुरडलं.

जालन्याला शिकवणाऱ्या तृप्तीने, त्यांच्या लेकीने, फोनवर सांगून पाहिलं, "पप्पा, आधी एक एलईडी, एक रेझिस्टर, एक बॅटरी. तेवढं पेटवा. का पेटलं ते समजू द्या, मंग पुढं."

"ते लेकरायचे खेळ," मच्छिंद्रराव म्हणाले. वीज आवरणारा रेझिस्टर न लावता त्यांनी मूठभर एलईडी जाळले होते, पण ते लेकीला कशाला सांगतील? एकही दिवा न पेटवता हा माणूस मंठ्यातल्या छंदवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन झाला आणि नवशिक्यांना सल्ले देऊ लागला. वंदनाबाईंना त्याची शिसारी यायची.

त्यांना मतलब एकाच गोष्टीशी होता. गल्लीत नळ आठवड्याने यायचा, टाकी गच्चीवर, आणि ती भरली का ते बघायला दुखरे गुडघे घेऊन जिना चढायचा त्यांनीच.

"टाकी भरली की वाजंल असं करून द्या, मंग मानते," त्या म्हणाल्या.

मच्छिंद्ररावांनी व्हिडिओ बघून दोन तारा टाकीच्या तोंडाशी सोडल्या. पाणी तारांना टेकलं की स्वयंपाकघरातला भोंगा वाजणार. चाचणी मात्र घेतली नाही, कारण दसरा तोंडावर होता. "पूजा झाल्याबिगर चालू करायचं न्हाई."

दसऱ्याला नेमका नळ आला. खाली मोटार सुरू झाली आणि इकडे मच्छिंद्ररावांनी उघड्या सर्किटवर ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर फुलाने पाणी शिंपडलं आणि बटण दाबलं. भोंगा लगेच कोकलला.

"भरली टाकी," म्हणत त्यांनी भोंगा आणि मोटार बंद केली, फोटो काढून 'टाकी भरली' असं लिहून ग्रुपवर टाकला. वंदनाबाई पहिल्यांदाच जिना चढल्या नाहीत. एवढा एक दिवस त्यांनी नवऱ्यावर विश्वास टाकला.

दुपारी भांडी घासताना नळातून नुसती हवा आली. त्या वर गेल्या. टाकीच्या तळाला बोटभर पाणी होतं, आणि नळ आता आठवड्यानेच येणार होता. खाली येऊन त्यांनी फडक्याने सर्किटवरची हळद पुसली, बटण दाबलं. भोंगा गप्प.

"हळदीच्या पाण्यानं तारा जुळल्या," मच्छिंद्रराव भिंगाच्या चष्म्यातून बघत म्हणाले. "सर्किट बराबर आहे, वंदना. बिलकुल बराबर."

ग्रुपवर फोटोला अंगठे येत होते. निम्मे तर याच गल्लीतले होते.

वंदनाबाईंनी रिकामी घागर त्यांच्या हातात दिली.

"जा, शेजारी पाणी मागा. कोनी इचारलं, तर सांगा टाकी भरलीय म्हणून."