थोरल्या जावेची जास्वंद

कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर आमच्या ओळखीचा माळी होता. त्याने मला जांभळ्या जास्वंदीचं रोप दिलं. देताना म्हणाला, "थंडीत सगळी पानं गाळतंय हे. मेलं म्हणून उपटू नका, आक्का."

अनगोळच्या घरी मी ते परसात लावलं. विहिरीजवळ थोरल्या जावेची तांबडी जास्वंद होती, बारमाही हिरवी. तिच्या फुलांशिवाय जावेची पूजा होत नसे. माझ्या रोपाची पानं मार्गशीर्षात झडली, तशी ती म्हणाली, "वठलेलं झाड दारात बरं न्हाय."

मी नखानं साल खरवडून दाखवली. "आतनं हिरवं हाय बघा, आक्का."

तिनं बघितलं आणि आपल्या झाडाची फुलं तोडायला घेतली. मग आई आजारी म्हणून मी आठवडाभर निपाणीला माहेरी गेले. परत आले तर झाड नव्हतं. सासूबाईंसमोर जाऊ हसून म्हणाली, "वाळकंच हुतं की. न्हाणीच्या चुलीत घातलं."

पुढच्या पावसाळ्यानंतर तिच्या जास्वंदीला पाणी घालायचं काम मी आपणहून घेतलं. रोजच्या कळशीत दोन मुठी खडेमीठ विरघळवायची.

"माझ्या झाडाला लई जपतीस गं," ती म्हणायची. ते ऐकताना मला जेवल्यासारखं समाधान वाटायचं.

थंडीत पानांच्या कडा करपल्या, मग पानं गळाली. ती कावरीबावरी झाली. मी म्हटलं, "थंडीत गळत्यातच की, आक्का. आतनं हिरवं असंल."

ती चैत्रापर्यंत थांबली. रोज जाऊन फांद्या चाचपायची आणि मी भांडी घासत बघायची. एका सकाळी तिनं नखानं साल काढली. आत तपकिरी, कोरडं. खाली वाकून तिनं बुंध्याजवळची माती जिभेला लावली, आणि तशीच वळून माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली केली नाही.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आधीचंही निघालं असतं. महिन्याभरानं सदलग्याहून, तिच्या माहेराहून, नवी फांदी आली. भोवती तिनं बाभळीचे काटे रोवले. पुढं गुडघे धरले तरी पाणी स्वतःच शेंदायची. "मी घालू का, आक्का?" असं मी रोज न चुकता विचारायची. ती कळशी छातीशी घट्ट धरायची. त्यासाठीच तर मी विचारत होते.