बारागाड्यांच्या दिवशी झुलाल भगतांचं काय अडलं

एरंडोलच्या पलीकडे अंजनी नदीच्या काठावर एक गाव आहे. त्या गावात झुलाल आबांएवढा देवभक्त माणूस दुसरा नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. असं एकमत त्या गावात गटारीच्या जागेवरून कधी झालं नाही की शाळेच्या पत्र्यांवरून झालं नाही, म्हणजे बघा. पहाटे उठा, आबा मरीमायच्या देवळाच्या वाटेला. चहा झाला, पुन्हा तीच वाट. पंगतीत वरणबट्टीवर तुपाची धार पडली आणि आबा उठले. सोयरिकीची बोलणी ऐन रंगात आली आणि आबा उठले. बाया कौतुकाने म्हणायच्या, "भगत मानूस शे! माय बलावस तेस्ले."

माय कशाला बोलावते! देवळाला वळसा घालून पुढे गेलं की नाल्याकाठी बाभळींचं बन लागायचं, आणि आबांचं खरं तीर्थक्षेत्र ते होतं. देऊळ वाटेत लागतं म्हणून हात जोडायचे, एवढंच. घरात संडास होता, पण त्याला पत्र्याचं दार आणि दाराबाहेरच सून भांडी घासायला बसलेली. आत जाऊन एवढा वेळ उभं राहायचं आणि आवाज मात्र काहीच नाही, याची आबांना लाज वाटायची. बाभळीपाशी निदान कुणी ऐकत नव्हतं. तिथे ते उभे राहायचे, आभाळाकडे बघायचे, खोकायचे, जोर लावायचे. चार थेंब पडायचे. झालं असं वाटून धोतर सावरावं, तर देवळापर्यंत येईतो पुन्हा लागलेली. अशा फेऱ्या मारमारून बिचाऱ्यांची भक्ती पंचक्रोशीत गाजली.

हे सगळं ठाऊक होतं ते एकट्या भिकुबाईला, म्हणजे त्यांच्या बायकोला. "धुयाले जा, डाकटरले दखाडी ये," धुळ्याला जायचं ती सांगून थकली. आबा ऐकायचे नाहीत, आणि त्याला कारण होतं. आबा बारागाड्यांचे भगत होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावात बारा बैलगाड्या एकापाठोपाठ एक बांधतात. बैल एकीलाही नाही. वर मावतील तेवढी माणसं चढतात, आणि भगत कमरेला दोर लावून त्या गाड्या ओढत देवळापर्यंत नेतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गडी धरायला असतात, त्यांना बगले म्हणतात. आबांचा उजवा बगल्या त्यांचा पुतण्या प्रेमराज. भगत गाड्या सोडतो ते दोनच कारणांनी, अशी गावाची समजूत. एक तर तो मेला, नाहीतर देवी त्याच्यावर रुसली. देवी रुसली म्हणजे भगताच्या घरात काहीतरी वाईट घडलंय. आता असल्या गावात कोण कबूल करणार, की मला लघवीला त्रास होतोय म्हणून?

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी आबांना उन्हाळी पडसं झालं. आंब्याच्या रसावर बर्फाचं पाणी प्यायले, दुसरं काय. सटासट शिंका सुरू झाल्या. गाड्या हलायच्या वेळेला शिंक म्हणजे केवढा अपशकुन! साधं गावाला निघताना कुणी शिंकलं तरी लोक पायरीवर बसून पाणी पितात, इथे तर साक्षात भगत शिंकणार. म्हणून आबा गुपचूप मेडिकलवर गेले आणि सर्दीच्या गोळ्या घेऊन आले. दुकानदाराने एक सांगितली होती. आबांनी रात्री एक घेतली आणि देवीच्या कामात कसूर नको म्हणून सकाळी दोन. वर उपासाच्या नावाखाली पाणीही तोडलं, म्हणजे बाभळीची वारी वाचेल. आपल्या हुशारीवर ते फार खूश होते.

शिंका थांबल्या. त्यांच्याबरोबर दुसरंही थांबलं.

हळद लावून अंघोळ झाली, पायांत घुंगरू बांधले, तोवर आबांना वाटलं, आज बरं आहे, लागलीच नाही. दुपार कलली तसं बेंबीखाली काहीतरी टम्म फुगू लागलं. बाभळीपाशी जाऊन आले, थेंब नाही. पुन्हा गेले, नाही. खोकले, कण्हले, मरीमायला नारळ बोलले, गाईचं दूध बोलले, काही नाही. इकडे डफ वाजायला लागला आणि लोक त्यांना धरून गाड्यांकडे घेऊन गेले.

गाड्यांना प्रदक्षिणा घालताना आबांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. दात कडकड वाजू लागले. गुडघे जुळवून, कमरेत वाकून, डोळे फिरवत ते असे काही थरथरले, की गर्दीतून एकच ओरडा उठला, "माय उनी! माय उनी!" अशी देवी आबांच्या अंगात कधी आली नव्हती! लोकांनी भंडारा उधळला. डफवाल्याने जोर धरला. मोबाईल वर झाले. शेजारची मंदाबाई पायांवर पडून विचारू लागली, "आबा, मन्ही नात पास व्हई का?" आबांच्या तोंडून "ओ माय व!" एवढंच बाहेर पडलं, आणि मंदाबाई नात पास झाल्याच्या आनंदात रडायला लागली. आबा जितके कळवळायचे तितका लोकांना आनंद व्हायचा. माणसाचा जीव जातोय आणि गाव नाचतंय, असा तो सगळा थाट होता.

समोर गौतमचंद शेठजींच्या कापडदुकानाचा ओटा होता. तिथे त्यांची मुलगी चेलना उभी होती. गावच्या साऱ्या लेकी आखाजीला माहेरी येतात, तशी तीही धुळ्याहून आली होती. धुळ्यात ती मूत्ररोगांची डॉक्टर होती. तिने आबांचा हात बघितला. देवी अंगात आलेल्या माणसाचा हात वर जातो, आबांचा ओटीपोटावर होता. ती ओट्यावरून उतरली, गर्दीतून घुसली आणि सरळ भगताच्या पोटावर हात ठेवला. डफ गपकन थांबला.

"आबा, सकाळपासून झाली का?" तिने कानाशी विचारलं.

"काय?"

"काय ते तुम्हाला ठाऊक आहे."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी या पोरीला ते पहिल्या गाडीवर स्वतः उचलून बसवायचे. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि भर यात्रेत ढसाढसा रडले.

यात्रेसाठी आलेली अॅम्ब्युलन्स शाळेजवळ उभी होती. चेलनाने त्यांना आत घेतलं, प्रेमराजला दाराशी उभं केलं आणि नळी घातली. मग काय सांगावं! पिशवी भरू लागली आणि आबांचा चेहरा उजळू लागला. लग्नात एवढा आनंद झाला नव्हता, पोरगा झाला तेव्हा झाला नव्हता, कपाशीला भाव आला त्या वर्षीसुद्धा झाला नव्हता. ते आधी हसले, मग खिदळले, मग मांडीवर थापा मारून असे हसत सुटले, की बाहेर प्रेमराजला वाटलं, काकांचं डोकं फिरलं. "बेटा," ते चेलनाला म्हणाले, "देवी तूच शेस!"

"देवी-बिवी काही नाही. सर्दीची गोळी खाल्लीत का?"

आबांनी कबूल केलं. तिने कपाळाला हात लावला. "पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची गाठ असते, आबा. सगळ्यांनाच असते. वय झालं की ती वाढते आणि वाट आवळते. आधीच वाट बारीक, वर या गोळ्यांनी ती पार मिटली. उद्या धुळ्याला या. तपासू, औषध देऊ, लागलं तर ऑपरेशन करू. हा रोग लाजायचा नाही. मात्र आज गाड्या ओढायच्या नाहीत."

आबांचं हसू गेलं. "नही वढ्या तर लोके म्हनतीन, माय रुसनी."

"मग खरं सांगा."

"इतला बायास्मा?" एवढ्या बायांसमोर सांगायचं म्हणजे काय!

प्रेमराजने आत डोकं घातलं. "काका, मी सांगस, चक्कर उनी म्हनीसन."

आबांना ते पटलं. चक्कर म्हणजे कशी सभ्य गोष्ट! तेवढ्यात त्यांचं लक्ष उघड्या दारातून बाहेर गेलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली होती आणि बायांनी भिकुबाईला घरातून बोलावून आणून घेरलं होतं. घरात शिवाशिव झाली का, नैवेद्य उष्टा झाला का, उपास मोडलास का, एकेक जण विचारत होती. भिकुबाई पदर तोंडाशी धरून नुसती मान हलवत होती. इतकी वर्षं तिने त्यांचं गुपित राखलं होतं, आणि आता तीच गुन्हेगार ठरत होती.

आबा उठले. लघवीची पिशवी धोतराच्या आत मांडीला नीट बांधून घेतली, पहिल्या गाडीवर चढले आणि पुकारणाऱ्याच्या हातातला माईक घेतला.

"आयका रे बठ्ठा! माय रुसेल नही. मन्ही घरवालीनं काही चुकेल नही. मना आंगमा माय उनीच नही. मन्ही लघवी अडकेल व्हती! शिंक नको म्हनीसन गोया खाद्यात, आनि लघवीले कुलूप लागी गयं. आनि मी देवयकडे जास ना दिवसभर, ते दर्शनले नही. बाभूयकडे जास."

सुना पदराआड गेल्या. जावई चपलांकडे बघू लागले. आबांना वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. आणि मग मागून, माजी सरपंच चुडामण नानांचा जाडाभरडा आवाज आला.

"झुलाल, रातले कितला डाव उठना पडस तुले?"

"मोजाले जमत नही, नाना."

"मना बी तेच हाल शेतस रे भाऊ!" नाना इतक्या कळवळून ओरडले, की त्यांच्या बायकोनेच पहिल्यांदा फस्सकन हसून दिलं. मग जे हसू फुटलं ते बाराही गाड्यांवरून लोळत देवळापर्यंत गेलं. डफवाला हसत होता, शेठजी ओट्यावर धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते आणि चार-पाच म्हातारे हळूच सरकत चेलनाच्या दिशेने निघाले होते.

आबांनी गाडीचा दोर उचलला आणि प्रेमराजच्या हातात दिला. "वढ बेटा. माय तुन्हासंगे शे." मग गाडीवरून वाकून त्यांनी भिकुबाईला हात दिला आणि सगळ्या बायांच्या देखत तिला वर ओढून शेजारी बसवलं.

"मरीमाय की जय!" प्रेमराज पुढे झुकला, चाकं करकरली आणि बारा गाड्या एकदम हलल्या. धूळ, हळद, डफ, पोरांचा कल्ला. आबा पोराटोरांसारखे ओरडत होते. भिकुबाईने कठडा घट्ट धरला होता आणि ती डोळे फाडून बघत होती. दर आखाजीला, धनी चाकाखाली येतो की काय या भीतीने ती देव्हाऱ्यापुढे डोळे मिटून बसायची, जयजयकार थांबेपर्यंत.

"इतला वरीस मी घरमा डोया मिटीसन बठस," ती आबांच्या कानाशी ओरडली, "आनि हाई आसं ऱ्हास व्हय?"