वूडचिपखालची भिंत

यादवराव गिलाव्याचं काम करायचे. इंग्लंडात, लेस्टरमध्ये बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्ल्यांत त्यांची थापी फिरली नाही असं घर सापडणं कठीण. मी विटा रचायचो, ते त्यावर गिलावा चढवायचे. माझी वाकडी वीट त्यांनी कधी झाकून घेतली नाही. "कमलाकर, आधी ही सरळ कर," म्हणायचे आणि मी सरळ करेपर्यंत चहा पीत बसायचे. चहा संपला तर दुसरा ओतायचे.

माणूस बुटका, मनगटं जाड, बोलणं कमी. भिंतीशी मात्र बोलायचे. "थांब, वाळू नकोस एवढ्यात," असं.

राहायचे भाड्याच्या घरात. मालक मिस्टर हॅलम, भला म्हातारा. भाडं वेळेवर घ्यायचा आणि दुरुस्तीचं नाव काढायचा नाही. यादवरावांना ते बरंच होतं. दुसऱ्या कुणी येऊन आपल्या घरात थापी चालवावी हे त्यांना खपलंच नसतं. दर वर्षी जयंतीच्या आधी ते एक भिंत उखडून नव्यानं करायचे. चौदा एप्रिलला विहारातला कार्यक्रम झाला की लोक त्यांच्याकडे जेवायला यायचे. पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोला वंदन करायचे, मग यंदाच्या भिंतीवरून हात फिरवायचे, मगच ताटावर बसायचे. असं करत करत सगळं घर आरशासारखं झालं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात हॅलम म्हणाला, "मी स्पेनला चाललो. घर विकतोय. व्हॅल्यूअर सांगेल ती किंमत. तुम्हाला हवं असेल तर आधी तुमचं."

तेव्हा घरांच्या किमती पावसाळ्यातल्या गवतासारख्या वाढत होत्या. यादवरावांची रोजंदारी होती तिथंच होती. त्यांची बायको गयाबाई समोशांच्या कारखान्यात पट्ट्या दुमडायच्या, त्यांचा पगार किमान वेतनावरच अडकलेला. मध्यवर्ती बँकेनं व्याजाचा दर वर्षभरात पुन्हा पुन्हा वाढवला. पेपरात यायचं, किमती आवरायला वाढवलाय. किमती बहुधा पेपर वाचत नसाव्यात.

त्यांची मुलगी कल्याणी हॅरोला शाळेत शिकवायची, अर्धा पगार भाड्यात घालवायची. फोनवर म्हणाली, "बाबा, तुमची पगार वाढत नाही, पण घर वाढते. दॅट्स द होल प्रॉब्लेम."

"तुझी मराठी पण वाढत नाही," यादवराव म्हणाले.

गयाबाईंचा भाऊ प्रज्ञेश कॅनडात, ब्रॅम्प्टनला एका गोदामात होता. त्याचा दर रविवारी फोन. "दाजी, इकडंच या! तासाला पगार वाढला आमचा."

"आणि भाडं?"

"ते पण वाढलं. पगाराच्या आधीच वाढलं. पण बेसमेंट मोठं आहे, हां. वर मालक राहतो, त्याच्या पोरांच्या उड्या सोडल्या तर शांत."

"भिंती कशाच्या?"

"बोर्डाच्या. स्क्रू मारला की झालं."

यादवरावांनी फोन गयाबाईंच्या हातात दिला. कॅनडाचा विषय तिथं संपला.

साठवण आणि कर्ज मिळून त्यांची उडी नव्वद हजार पौंडांपर्यंत होती. कर्ज मिळवून देणारा एक दलाल हसून म्हणाला, "उत्पन्न तुम्हीच लिहा की. दुप्पट लिहा. हल्ली कुणी तपासत नाही."

"फेडायचं पण दुप्पट उत्पन्नातून का?" यादवरावांनी विचारलं. दलालानं पेन पुढं केलं. यादवरावांनी ते घेतलं नाही.

मग गयाबाईंनी डोकं चालवलं. "व्हॅल्यूअर यायच्या आधी दोन भिंती खराब करा."

"खराब?"

"तुम्हीच चकाचक केल्या ना? भिंती आपल्या, मजुरी आपली आणि किंमत त्यानं खायची? चोरी नाही करत आपण. आपलंच झाकून ठेवायचं."

यादवरावांनी खरंच प्रयत्न केला. जिन्याखालचा एक तुकडा उखडला आणि मुद्दाम ओबडधोबड भरायला घेतला. मी शेजारी उभा होतो. थापी एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली. मग ते मागं सरून डोळा बारीक करून बघायला लागले. तिसऱ्यांदा फिरली आणि भिंत पहिल्यापेक्षा सरळ झाली.

"अहो, हे काय?" गयाबाई ओरडल्या.

"वाईट करायला हात वेगळा लागतो," ते म्हणाले. "कमलाकरला सांग."

मी मनावर घेतलं नाही. उलट उपाय सुचवला. वूडचिप. लाकडाचा भुसा घातलेला जाड कागद. भिंतीला चिकटवला की वाटतं कुणी लापशी फासलीय. या देशात पडका गिलावा धरून ठेवायला लोक तोच लावतात. वूडचिप दिसला की खालची भिंत गेली, असं धंद्यातला कुणीही धरून चालतो. आम्ही दोघांनी सगळं घर त्यानं मढवलं. यादवरावांनी सांधे इतके जुळवले की मला त्यांना दोनदा दटावावं लागलं. शेवटी बाबासाहेबांचा फोटो पुन्हा टांगला आणि हात जोडून ते काहीतरी पुटपुटले. बहुधा माफी मागितली.

व्हॅल्यूअर आला. मध्यम वयाचा, सभ्य, हातात टेप. गयाबाईंनी चहा आणि समोसे पुढं केले. मी कोपऱ्यात. यादवराव खिशात हात घालून उभे. खिशात पत्र्याची खरवडणी होती. ती त्यांच्या खिशात कायमच असायची, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

व्हॅल्यूअरनं खोल्या मोजल्या, कागदावर बोट फिरवलं, मान हलवली. "घर तसं ठीक. नव्वदच्या आतच धरावं लागेल."

गयाबाईंनी त्याच्या बशीत आणखी एक समोसा ठेवला.

तिथंच तो थांबला असता तर! समोसा खाता खाता सहज म्हणाला, "हा कागद काढला की गिलावा सगळा सोबत येईल. कुणीतरी बॉज केलंय इथं."

बॉज म्हणजे अंग चोरून केलेलं, कसंबसं उरकलेलं काम. आमच्या धंद्यात यापुढं शिवी नाही.

यादवरावांचे कान लाल झाले. गयाबाई घाईनं म्हणाल्या, "अहो, चहा घ्या. चहा घ्या म्हणते ना!" पण खरवडणी बाहेर आली होती. कागदाची एक लांब पट्टी वरपासून खालपर्यंत सोलून निघाली. खाली भिंत. खिडकीतला उजेड तिच्यावरून कुठंही न अडखळता घसरला.

"हात लावा," यादवराव म्हणाले.

व्हॅल्यूअरनं समोसा खाली ठेवला, हात पुसला आणि लावला. बराच वेळ लावून ठेवला. "ब्युटिफुल," म्हणाला. "सगळ्या अशाच?"

"सगळ्या."

"मग एक लाख बारा हजार."

गयाबाईंनी हात पुढं केला. "समोसा परत द्या."

दारातून बाहेर पडताना त्या भल्या माणसाला काय वाटलं कोण जाणे. म्हणाला, "स्टेशनापलीकडं एक घर बाजारात पडून आहे. वूडचिप, पण खरंखुरं. लोक आत येतात आणि उलट पावली जातात."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तिकडं गेलो. भिंतीवर टकटक केलं की आत मातीची सर घरंगळायची. यादवरावांनी एक कोपरा सोलून विटा बघितल्या, हुंगल्या. कोरड्या, सरळ, कुणा जुन्या गवंड्यानं जीव लावून रचलेल्या.

"गयाबाई, इथं सगळं पडणार! सगळं!" दिवाळीचा सेल लागल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

"बायको मी आहे, का भिंत?" त्या म्हणाल्या, पण किंमत ऐकून त्यांनीही भिंतीवर टकटक केलं. घर उडीच्या आत होतं.

हॅलमचं घर सोडायच्या आधी त्यांनी तिथला सगळा कागद सोलून, भिंती धुऊन दिल्या. पैसे कुणी देणार नव्हतं. "असं काम मागं ठेवून जाता येत नाही," एवढंच म्हणाले.

पुढच्या जयंतीला नव्या घरात एकच भिंत तयार होती. फोटो तिच्यावर. बाकीच्या उघड्या विटा. लोकांनी वंदन केलं, हात फिरवला, जेवायला बसले. तेवढ्यात ब्रॅम्प्टनचा फोन वाजला.

"ताई, आता काय किंमत येईल गं घराची? दाजींना दे जरा."

"त्यांना विचारू नकोस," गयाबाई म्हणाल्या. "खरं सांगतील."