मी कापलेले दोन पाय

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक रिकामी खोली आहे. दर रविवारी सकाळी तिथे मी मुलांच्या हातात करवत देते. हातोडी, रंधा, पक्कडसुद्धा देते. भाईंदर पश्चिमेतली आठ-दहा मुलं येतात. माझं आयुष्य कारखान्यात मापं तपासण्यात गेलं, त्यामुळे तिरकं काही दिसलं की माझं डोकं फिरतं. तरी खोलीत नियम एकच आणि तो मीच केलेला. मुलाच्या कामाला मोठ्या माणसाने हात लावायचा नाही.

नियम पालकांसाठी होता. शाळेचा प्रोजेक्ट आईने करायचा आणि पोराने मिरवत न्यायचा, ही आमच्याकडची रीत. एका वडिलांनी मुलाने केलेली खुंटी घरी नेली आणि चकचकीत पॉलिश करून आणली. मी म्हटलं, "छान झालीय. पुढच्या रविवारी तुम्हीच या, त्याला झोपू दे." ते अजून लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाहीत.

मग एका मुलाच्या अंगठ्याला करवत लागली. जखम किरकोळ होती, पण कमिटीला तेवढंच निमित्त पुरलं. ठोकाठोकीच्या तक्रारी होत्याच, शिवाय ऑनलाइन मागवलेली पार्सलं ठेवायला जागा हवी होती. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, रविवारी आम्ही येतो. मुलं खरंच काही शिकतायत असं दिसलं तर खोली तुमची. नाहीतर सोमवारी रॅक लागतील."

खोली सोडायची नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. पण दाखवण्याजोगं काम एकच होतं, एका अकरा वर्षांच्या मुलीचं स्टूल. ती पालीच्या कोळीवाड्यातली. तिची आई रविवारी इथल्या बाजारात मासळी घेऊन बसते, तोवर लेक माझ्याकडे असते. आईला बसायला म्हणून ती महिनाभर त्या बुटक्या स्टुलावर खपत होती. सांधे घट्ट, एक खिळा वाकडा नाही. फक्त पुढचे दोन पाय मागच्यांपेक्षा चांगले दोन बोटं लांब होते. खोलीच्या फरशीवर स्टूल सरळ मागे कलायचं. मी तीनदा सांगून पाहिलं. तिने तीनदा मान हलवली आणि पाय तसेच ठेवले. कारण न विचारताच, पोर हट्टी आहे असं मी ठरवून टाकलं.

शनिवारी दुपारी मी एकटीच खोलीत होते. समोर ते कललेलं स्टूल आणि डोळ्यांसमोर सोमवारचे रॅक. मी करवत उचलली आणि पुढचे दोन्ही पाय कापले. वर पाणसळ ठेवून पाहिली, बुडबुडा बरोब्बर मधोमध. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

रविवारी कमिटीचे तिघे आले. सेक्रेटरी स्टुलावर बसले, डावीकडे-उजवीकडे हलून पाहिलं आणि खूश झाले. "वा! एकदम लेव्हलमध्ये आहे. एवढ्याशा मुलीने केलं?"

तेवढ्यात ती बाजारातून आली. ते उठल्याबरोबर तिने स्टूल उलटं केलं आणि ताज्या कापावरून अंगठा फिरवला.

"टीचर, ह्याचं पाय कोनी कापलं?"

गप्प बसले असते तर खोली माझी होती. तिघेही माझ्याकडे बघत होते.

"मी कापले," मी म्हटलं.

"आईची जागा उतरती हाय," ती म्हणाली. "पानी म्होरल्या गटारात जायाला उतार काढलाय. म्हनून म्होरचं पाय लांब ठेवलं व्हतं. दोरी लावून मापलं व्हतं मी."

मला धरणी ठाव देईना. महिनाभर एक मुलगी अचूक मापाने काम करत होती आणि मी, मापांतच आयुष्य काढलेली बाई, तिला हट्टी म्हणत होते. लाज वाटली, आणि ती लपवावीशीही वाटली नाही.

"हिचं बरोबर होतं, मी बिघडवलं," मी सेक्रेटरींना सांगितलं. "नियमही मीच मोडला. खोली काढून घ्यायची तर माझ्या चुकीसाठी घ्या, हिच्या कामाला बोल नको."

ती कुणासाठी थांबली नव्हती. हातोडीच्या उलट्या बाजूने खिळे उपसायला लागलीही होती. "नवं लाकूड हाय?" तिने विचारलं.

सेक्रेटरी तिच्याजवळ वाकले. "कितना टाइम लगेगा, बेटा?"

"म्होरच्या आयतवारी."

"ठीक है," ते म्हणाले. "तब तक रुकते हैं."

पुढच्या रविवारी ती नवे पाय कापत असताना मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. करवत एकदा रेघ सोडून गेली. मी जीभ चावली. तिने लाकूड फिरवलं, नवी रेघ मारली आणि पुन्हा सुरुवात केली.

मग आम्ही बाजारात गेलो. सेक्रेटरी मासे खात नाहीत, तरी आले. मुलीने आईचा उपडा क्रेट बाजूला सारला आणि तिथे स्टूल ठेवलं. आई बसली. स्टूल हललं नाही. सेक्रेटरींनी वाकून चारही पाय पाहिले आणि मला म्हणाले, "पार्सलं वॉचमनकडेच राहू दे. खोली चालू ठेवा."

माझं लक्ष तिच्या आईकडे होतं. क्रेटवरून घसरू नये म्हणून ती एक पाय पुढे गटाराच्या काठाला रोवून बसायची. सवयीने तो तिने आजही रोवला होता. मी इतके रविवार तिच्याकडून मासे घेतले, घासाघीस केली, पण तो पाय मला कधी दिसला नव्हता.

"आये, पाय घे जवल," मुलगी म्हणाली. "आता न्हाय घसरत."

आईने तो हळूच उचलून जवळ घेतला.