दिनूभाऊंच्या घरची शमा

शेरोशायरीच्या मंडळात शेर कमी आणि किस्से जास्त साठतात. आमच्या रायपूरच्या मंडळात तर कोणाचा शेर कोणाच्या लक्षात नाही, किस्से मात्र सगळ्यांना तोंडपाठ!

मैफल दर महिन्याला बूढापाऱ्यात, दिनूभाऊंच्या घरी. दिनूभाऊ बँकेतून रिटायर झाले आणि उर्दूच्या प्रेमात पडले. आता त्यांची एकच इच्छा उरली आहे. आमचे उस्ताद खानसाहेब यांनी एकदा तरी त्यांच्या शेराला "मुकर्रर!" म्हणावं, म्हणजे "पुन्हा म्हणा!" आजवर त्यांना मिळालं ते एवढंच, "हूं. चाय लीजिए."

*

ज्याची पाळी त्याच्यापुढे शमा ठेवायची, हा मुशायऱ्याचा रिवाज. पण मे महिन्यात पंखा बंद करायला कोणी तयार होईना, आणि पंख्याखाली मेणबत्ती टिकेना. शेवटी चार्जिंगचा इमर्जन्सी लाइट आला. दिनूभाऊंच्या गझलेच्या ऐन मध्यात एकदा त्याची बॅटरी गेली. खानसाहेब म्हणाले, "शमा से भी नहीं सुना गया!"

*

सगळ्यात थोर शायर शेवटी वाचतो, हाही रिवाज. त्यामुळे आमच्याकडे पहिला शायरच सापडत नाही! पोहे संपेपर्यंत "पहले आप" चालतं.

दाद द्यायला मात्र सगळे पुढे. आमचे रेल्वेवाले वानखेडे तर न ऐकताच दाद देतात. दिनूभाऊ एकदा नुसतं म्हणाले, "मंडळी, आज कूलर बिघडला."

"वाह! क्या बात है!" वानखेडे डोळे मिटून म्हणाले.

*

दिनूभाऊंच्या गझलेत मदिरा फार. प्रत्यक्षात माणूस ताकाच्या पुढे गेलेला नाही. चार शेरांत सहा प्याले रिचवले, तेव्हा खानसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊसाहब, छोड़ दीजिए. आपको चढ़ती नहीं."

*

मग दिनूभाऊंनी विरह धरला. अनुभवाशिवाय लिहायचं कसं, म्हणून सुनंदावहिनींना घरी ठेवून नवा रायपूरला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले. संध्याकाळी परत हजर!

"काहून आले?" वहिनींनी विचारलं.

"विरह ठीक आहे वो, पण उद्या तिकडून बस भेटली नाही तं?"

*

परवाच्या मैफलीत ते इंतजारवर गझल घेऊन आले. जन्मोजन्मीची वाट, थकलेले डोळे, उघडं दार, सगळं होतं. आवाजही कापत होता. मला खरंच वाटलं, आज "मुकर्रर" मिळणार.

खानसाहेबांनी पानाचा डबा बंद केला. "अच्छा है. मगर इंतजार किसका?"

दिनूभाऊ वहीची पानं मागेपुढे उलटायला लागले. आम्ही सगळे जाजमाकडे बघत बसलो. वाईट वाटलं मला त्यांचं.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. ट्रे खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "वाट तं मी पाह्यली यांची. जन्मभर पाहून राहिली, अन् हे घरातच होते!"

खानसाहेब ताडकन उठून उभे राहिले. "वाह! मुकर्रर!"

वानखेडेंनी डोळे उघडले. दिनूभाऊंनी आपल्यापुढचा इमर्जन्सी लाइट उचलला आणि वहिनींपुढे नेऊन ठेवला.

"हे काय?"

"पुन्हा म्हण, म्हणून राहिले ते."

"लगन झाल्यापासून तेच तं म्हणून राहिली!"