नरूची घागर

गाव सोडलं त्या सकाळी माझी वळकटी नरूने डोक्यावर घेतली होती. नरू माझा धाकटा भाऊ. तेव्हा एकोणीस वर्षांचा, लष्कराच्या भरतीसाठी रोज पहाटे तापीच्या पुलापर्यंत पळत जाऊन परत येणारा. माझ्या मिस्टरांची दिल्लीला बदली झाली होती आणि ते पुढे जाऊन खोली बघून आले होते. आता मला न्यायला आले होते. शहाद्याहून नंदुरबारला एसटी, तिथून सुरत, सुरतेहून दिल्लीची गाडी. आबांनी कंडक्टरला दोनदा बजावलं, की यांना स्टेशनजवळ उतरवा, जणू एसटी चुकून दिल्लीलाच जाणार होती. माय खिडकीशी उभी होती. "मांगे पलटी देखू नको, पोरी. देखं का पाय निंघत नही." आणि नरू खालून ओरडला, "ताई, खोली मोठी लेजो. मी इसू."

मी मागे पाहिलं नाही. मायचं ऐकायची सवय होती, दुसरं काय. गावात राहिलेल्या तुम्हां सगळ्यांना आणि सुरत-पुण्याला पांगलेल्या माझ्यासारख्यांना हे लिहिते आहे, कारण आपल्या गावच्या ग्रुपवर नरूच्या पुतळ्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले, हात जोडलेली चिन्हं पाठवली, पण पुढे काय झालं ते कोणालाच धड माहीत नाही.

नरूने शब्द पाळला. तो एकदा आला. फौजेत लागला होता, सुट्टी संपवून उत्तरेकडे बर्फातल्या चौकीवर परत निघाला होता आणि दिल्लीत दोन गाड्यांच्या मधे त्याला दुपार मोकळी होती. आमच्या दीड खोलीच्या क्वार्टरमध्ये जमिनीवर मांडी घालून त्याने भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. ज्वारी-उडदाचं ते पीठ मायनेच पाठवलेलं होतं. चौथी भाकरी घेताना म्हणाला, "आठली थंडी काहीच नही, ताई. तथा डोया उघडाले बी कटाळा येस." मग लगेच, "मायले सांगू नको हां." मी सांगितलं नाही. मायपासून काही लपवायची सुरुवात तिथूनच झाली असं आता वाटतं.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. काही जण सापडले. नरू सापडला नाही. पुष्कळ दिवस शोधलं, मग कागद आला, आणि एक अधिकारी दोन जवानांना घेऊन नरूच्या सामानाची काळी पेटी द्यायला गावात आला. मी आदल्या दिवशीच दिल्लीहून पोहोचले होते. सगळं गाव ओट्यावर जमलेलं. मायने त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं, त्यांचं पिऊन होईपर्यंत थांबली आणि एकच विचारलं, "तुम्ही त्याले देखं का?" मी हिंदीत सांगितलं. अधिकारी सज्जन माणूस होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, नाही माताजी, पाहिलं नाही. माय माझ्याकडे वळली. "आयकं का? कोन्हीच देखेल नही." पुढची वीस-बावीस वर्षं ती या एका वाक्यावर राहिली.

खान्देशाबाहेर वाढलेल्या आपल्या पोराबाळांना आखाजी समजावून सांगावी लागते. अक्षय्य तृतीया म्हटलं की त्यांना सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती आठवतात. आपल्याकडे हा दिवाळीहून मोठा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांनाही घरी बोलावतात. कुंभाराकडून नवी घागर आणायची, पाण्याने भरायची, वर खरबूज ठेवायचं, आमरस आणि सांजोरीचा नैवेद्य दाखवायचा. मग घरचा कर्ता उंबरठ्यापाशी बसून एकेका गेलेल्याचं नाव घेतो आणि कुंकवाचं एकेक बोट ओढतो. ज्याचं नाव घेतलं त्याला वर्षाचं पाणी मिळालं. ज्याचं घेतलं नाही, तो कुठे पाणी मागत फिरत असेल, ही आबांची काळजी.

जो त्याच वर्षी गेला त्याच्यासाठी वेगळं मडकं असतं, त्याला डेरगं म्हणतात. नरूनंतरच्या पहिल्या आखाजीला आबांनी ते आणलं. मायने उचललं आणि गोठ्यात नेऊन पालथं घातलं. "पानी भरी ते मन्हा पोऱ्या मरी जाई. मी भराव नही." आबा गावचे पंच, लोकांची भांडणं मिटवणारे, पण घरात त्यांचं काही चाललं नाही. त्यानंतर दरवर्षी ते पणजोबा, आजोबा, मोठे काका अशी बोटं ओढत यायचे आणि थांबायचे. स्वयंपाकघराकडे बघायचे. माय पुरणावरून मान वर करायची नाही. मग ते कुंकवाचं बोट धोतराला पुसायचे. आबा गेले तसं काकांचा मुलगा संजू बोटं ओढू लागला, त्यात आबांचं एक बोट वाढलं, पण त्यांच्या आधी गेलेल्या मुलाचं बोट राहिलं ते राहिलंच. आणि मी? आमच्या घरात लेक माहेरची घागर भरत नाही. मी नुसती आमरस वाढायला.

इकडे दिल्लीत इंडिया गेटजवळ ते मोठं समर स्मारक उभं राहिलं. वर्तमानपत्रात वाचलं, की हजारो जवानांची नावं दगडांवर कोरली आहेत. मी एकटीच गेले, मिस्टरांनाही सांगितलं नाही. मेट्रो, मग सिक्युरिटी चेक, मग गोल गोल भिंती आणि त्यांत ग्रॅनाइटच्या विटा. एकेका विटेवर एकेक नाव. दोन तास शोधलं. सापडला, माझ्या डोक्याच्या वर वीतभर. टाचा उंचावून बोट टेकवलं. ऊन होतं, दगड तापलेला होता आणि मला तेवढ्यातही बरं वाटलं, की इथे त्याला थंडी नाही. असले वेडे विचार.

त्यानंतर महिन्यातून एकदा जात राहिले. आपण देवळात काहीतरी वाहतो तरी. इथे काय वाहणार? हळदकुंकू नाही, नारळ नाही, पाणी नाही. शाळांच्या सहली येतात, जोडपी फोटो काढतात. कधी म्हातारे फौजी बसने येतात, कोटावर पदकं लावून. त्यांच्यातले एक पंजाबी आजोबा एका विटेसमोर नुसते उभे राहायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, आपका कौन? मी म्हटलं, भाई. ते म्हणाले, मेरे तो साथ में थे, मैं बच गया. त्यांची आणि माझी गत एकच, फक्त त्यांना सॅल्यूट करता यायचा. मला तेही येत नव्हतं. मायला मात्र मी यातलं काहीच कळू दिलं नाही. फोनवर ती विचारायची, तू दिल्लीले ऱ्हास, सरकार तठेच शे, कोन्हाले तरी इचार ना. मी म्हणायचे, विचारते.

मागच्या वर्षी गावाने नरूचं स्मारक बांधायचं ठरवलं. शाळेच्या आवारात अर्धपुतळा. संजूने दिल्लीच्या विटेचा फोटो मागितला आणि मी पाठवला. पाठवायला नको होता, पण भावाचा मान होतो म्हटल्यावर कुठली बहीण नाही म्हणेल? अनावरणाला मी गेले. मंडप, लाउडस्पीकर, पुढाऱ्यांची भाषणं. मायला पहिल्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ दिलं, वीरमाता म्हणाले. शेजारच्या गावचे एक निवृत्त हवालदार पदकं लावून आले होते.

कापड निघालं. मूर्तिकाराने फौजी म्हटल्यावर चांगल्या भरघोस मिशा दिल्या होत्या. आमच्या नरूला त्या वयात मिशी म्हणजे नुसती काजळाची रेघ. माय काठी टेकत पुतळ्याजवळ गेली, बराच वेळ बघत राहिली आणि संजूला म्हणाली, "हाऊ कोना पोऱ्या शे?"

"काकू, आपला नरूभाऊ शे ना."

"नही." मग तिला वाटलं असावं की एवढ्या लोकांत त्या बिचाऱ्याचा अपमान झाला. तिने आपलं श्रीफळ पुतळ्यापुढे ठेवलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "याना मायले निरोप धाडा," ती म्हणाली, "म्हना तुन्हा पोऱ्या आमना गावम्हा शे."

हवालदारांनी मान खाली घातली. लाउडस्पीकरवर गाणं चालूच होतं.

संजूचा तोल घरी आल्यावर गेला. चांगला पोरगा आहे तो, त्यानेच मायला इतकी वर्षं सांभाळलं. पण कष्ट त्याचे वाया गेले होते. म्हणाला, "काकू, दिल्लीले दगडवर नाव शे त्यानं! ताईनी फोटो धाडेल शे!" माय माझ्याकडे वळली. रागावली नाही. फक्त म्हणाली, "मले दखाड." फोनमधला फोटो पुढे केला तर तिने तो बाजूला सारला. तिला वाचता येत नाही, आणि फोनमध्ये काय, कोणाचंही नाव दिसतं. तिला दगड बघायचा होता. मायला घेऊन दिल्लीला निघताना संजू मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, नाव वाची दखाड तिले. यंदा घागर भरी लिसूत. कितला वरीस व्हयनात, नरूभाऊले पानी नही."

गाडीत रस्ताभर मी वाक्य घोकत होते. माय, हे बघ नरूचं नाव. तिचा हात धरायचा आणि विटेवर ठेवायचा. इतकं सोपं.

स्मारकात आम्ही सकाळीच पोहोचलो. माय भिंतीला तळहात लावत लावत चालत होती, गोठ्यात गुरांच्या पाठींवरून फिरवायची तसा. "इतला पोऱ्या?" तिने विचारलं. "ह्या सगळा गयात?"

"हां, माय."

"यासना मायस्ले माहीत शे?"

"हां. सगळ्यास्ले माहीत शे."

ती थोडी पुढे गेली आणि थांबली. तिला काही वाचता येत नव्हतं, पण थांबली ती नेमकी त्याच भिंतीशी. तिचा हात होता तिथून नाव दोन विटा वर. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "नरूनं नाव शे का याम्हा?"

माझ्या तोंडात घोकलेलं वाक्य होतं. मायच्या डोळ्यांत बघून ते निघेना. ऐंशीच्या घरातली ती बाई, तिच्याकडे दुसरं काय होतं? आबा गेले, शेत संजू बघतो, दात गेले, नजर गेली. एवढी एक आशा तेवढी धडधाकट राहिली होती आणि ती मी माझ्या हाताने मोडायची? मी म्हटलं, "नही, माय. आठे नही शे."

"बरं," माय म्हणाली. आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, तिचा जीव भांड्यात पडला.

आठ दिवस राहिली. पोटभर जेवली, मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर लहान मुलीसारखी हसली, शेजारच्या मद्रासी बाईशी अहिराणीत गप्पा मारल्या आणि तिलाही त्या समजल्या म्हणे. संजू फोनवर माझ्यावर भडकला. मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, आपण तिचं काही वाचवलं तरी.

यंदाच्या आखाजीला मला जाता आलं नाही, मिस्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. सकाळी संजूचा व्हिडिओ कॉल आला. त्याने फोन दाराकडे वळवला. उंबरठ्यापाशी माय बसली होती. शेजारी पाण्याने भरलेल्या घागरी, त्यांत एक जास्तीची. संजूने सगळ्यांची बोटं ओढली होती. मायने कुंकवात बोट बुडवलं, "नरेंद्र" असं पूर्ण नाव घेतलं, जे तिने त्याच्या शाळेच्या दाखल्यानंतर कधी उच्चारलं नव्हतं, आणि आबांच्या बोटाशेजारी एक बोट ओढलं.

दुपारी मी फोन केला. म्हटलं, माय, असं कसं काय?

"तू मन्हासंगे कधी तोंडवर खोटं बोलनी नही," माय म्हणाली. आवाज साधाच होता. "दिल्लीले बोलनी. तधळ मले समजनं."

मग तिने जावयाच्या गुडघ्याची चौकशी केली, आमरस केला का विचारलं. मी केला नव्हता. केला म्हणून सांगितलं.

लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? इतकी वर्षं मी सांगायचे, दिल्लीला राहतो, पण घर नंदुरबारकडे, तापीकाठी. ते म्हणताना मनात कुठेतरी असायचं, की जगात एक उंबरठा असा आहे जिथे माझा भाऊ अजून जिवंत आहे. सरकारने कागद दिला, दगडावर नाव कोरलं, पुतळा बसवला, तरी त्या घरात तो मेला नव्हता. आता त्या घरातही तो गेला, आणि तिथे ही बातमी मी पोहोचवली.