कडीला टांगलेली डब्याची पिशवी

आमचा संसार दुधाच्या टेम्पोतून निघाला. मांडवगणच्या डेअरीवरून तो रोज सकाळी दौंडला जायचा. त्या दिवशी कॅनच्या मधल्या जागेत आमच्या दोन गाद्या, स्टोव्ह, पिंप आणि ज्वारीचं अर्धं पोतं चढलं. चार वर्षांची सोनी ह्यांच्या मांडीवर, तान्हा बाळू माझ्या मांडीवर. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्या टेम्पोच्या दाराला धरून उभ्या होत्या.

"अजून बी इचार कर. पोरीला ठिवून जा. शिफ्टची नोकरी, दोन लेकरं, येकली कशी रेटशील?"

तेव्हा पुष्कळ घरांत असंच चालायचं. धाकटं पोर आईबरोबर शहरात, थोरलं आजी-आजोबांपाशी गावात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण मला ते नको होतं. शेवटी सासरे, म्हणजे आबा, मध्ये पडले. "दिवाळीपतूर बघू. जमलं तर जमलं. न्हाई तर पोरीला हिकडं घिऊन येऊ."

ही अट घेऊनच आम्ही भीमा ओलांडली. तरी खरं सांगते, जावांनो, तुम्ही वेशीपर्यंत डोळे पुसत आलात, आणि इकडे माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. माझी स्वतःची चूल, माझा स्वतःचा नळ! आता नळ सहा खोल्यांत मिळून एक होता हे पोचल्यावर कळलं, ते सोडा. लोक अमेरिकेला जाऊन जेवढे हरखत नसतील तेवढी मी शेजारच्या तालुक्यात जाऊन हरखले होते.

खोली रेल्वेलाइनच्या जवळ होती. दारात उभं राहिलं की मालगाड्या दिसायच्या. सोनीला तर रोजची जत्राच. डबे मोजता मोजता तिचे आकडे संपायचे, गाडी संपायची नाही. हे कुरकुंभच्या एमआयडीसीत लागले होते. फर्स्ट, सेकंड, थर्ड, ओव्हरटाइम, वीकली ऑफ, हे शब्द आठवड्याभरात माझ्या तोंडी बसले.

थर्ड शिफ्टनं मात्र माझ्या तोंडचं पाणी पळवलं. हे रात्रभर काम करून सकाळी यायचे आणि अंथरुणावर पडायचे. एकच खोली. बाळू रडायचा, सोनी गाणी म्हणायची, हे उठून बसायचे, डोळे लाल. एकदा न चिडता म्हणाले, "अगं, मशीनवर डोळा लागला तर हात जाईल माझा." मला वाटलं, आत्यांचं खरं होतंय. सोनीला पाठवावं लागणार.

त्याच दिवशी शेजारची गुड्डूची मम्मी दारात आली. बिहारची बाई, माझ्याच वयाची. म्हणाली, "भाभी, बच्चे इधर दे दो. हमारे वो फर्स्ट में हैं, कमरा खाली है." मी हो-नाही म्हणायच्या आत बाळू तिच्या कडेवर आणि सोनी तिच्या खोलीत.

मग उमगलं की ह्या ओळीत सगळे असंच जगतात. ज्या घरचा माणूस ड्यूटीवर, त्या घरात सगळ्यांची पोरं. माणूस थर्ड करून झोपला की बायको त्याची डब्याची पिशवी बाहेर कडीला टांगणार. पिशवी दिसली की त्या दारापुढे चपला हातात घेऊन जायचं, भांडं आपटायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही. शिफ्ट बदलली की पोरांचं घरही बदलायचं. पोरं खूश. आज सत्तूचा पराठा, उद्या आमची भाकरी-पिठलं. त्यांनी 'शिफ्ट-शिफ्ट' नावाचा खेळही काढला होता. एकानं ड्यूटीवरून येऊन झोपायचं आणि बाकीच्यांनी हसू दाबायचं.

दिवाळीच्या तोंडावर आत्या आल्या, न कळवता, त्याच दुधाच्या टेम्पोनं. हे थर्ड करून आत झोपलेले. मी पोरांना घेऊन गुड्डूच्या खोलीत. आत्यांनी पाहिलं, दार बंद आणि लेकाचा डबा बाहेर टांगलेला. त्यांनी पिशवी काढून हातात घेतली आणि गावात मारतात तशी हाक मारली. चार वावरं ओलांडून जाणारा आवाज त्यांचा.

"काय गं बये, पोराचा डबा कुत्र्यामांजरांसाठी टांगलाय व्हय? हाय का कुनी घरात?"

भराभर दारं उघडली. बनियनवरची, डोळे चोळणारी माणसं बाहेर. एकाला वाटलं कंपनीत गॅस लीक झाला. ह्यांनी तर दोन पायांत दोन वेगळ्या चपला घातलेल्या. मी पोचायच्या आत सोनी धावली, आजीपुढे उभी राहिली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "आज्ये, वराडू नको. पप्पांची थर्ड हाय."

आत्यांना जन्मात कुणी गप्प बसवलं नव्हतं, आबांनीसुद्धा नाही. त्या खरंच गप्प झाल्या.

दिवसभर त्या गुड्डूच्या खोलीत पोरांच्या घोळक्यात बसल्या. गाठोड्यातले शेंगदाण्याचे लाडू वाटले. गोष्ट सांगितली, तीही कुजबुजत, आणि कुजबुजल्यामुळं पोरं आणखी जवळ सरकली. दुपारी गुड्डूची धाकटी बहीण त्यांच्या मांडीवर झोपली. पायाला मुंग्या आल्या तरी हलल्या नाहीत.

"आपली पोरगी रोज अशी दुसऱ्याच्या घरात जेवती?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय आत्या. आन् त्यांची आपल्या घरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर त्यांच्या गाठोड्यात सोनीचे फ्रॉक. "आबांनी न्यायला सांगितलंय," एवढंच म्हणाल्या. स्टँडवर जाईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. गाडी लागली तेव्हा कसंबसं म्हटलं, "आत्या, मला जमतंय. पोरीला नका नेऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सोनीचा हात धरला. "चल गं, घरी जाऊ."

सोनीला हसू आलं. "आज्ये, घरनंच तर आलो की आपण. तू गावाला चाललीस. परत आमच्या घरी कवा येशील?"

आमच्या भावकीत तोवर घर म्हणजे मांडवगणचंच. मीसुद्धा दौंडला 'खोली' म्हणायची. आत्या गाडीच्या पायरीशी थांबल्या. गाठोडं सोडलं, फ्रॉक काढून माझ्या हातात दिले आणि खिडकीत जाऊन बसल्या. गाडी हलली तेव्हा सोनीला म्हणाल्या, "येते गं. येते तुमच्या घरी." मी सोनीला उचलून गरागरा फिरवलं. स्टँडवरची माणसं बघत राहिली, बघू देत.

आता दौंडला आमच्या स्वतःच्या दोन खोल्या आहेत. सोनी पुण्यात असते, तिची मुलगी तिच्या तेव्हाच्या वयाची. सुट्टीला दोघी येतात, घर डोक्यावर घेतात. निघताना सोनी चपला घालता घालता म्हणते, "आई, घरी पोचले की फोन करते." मी हो म्हणते, हसून हात हलवते. आणि खिडकीतल्या आत्यांना त्या दिवशी काय झालं असेल, ते मला तेवढ्यापुरतं नीट कळतं.